41,178 रुपये गेले, शिवाय दात हलायला लागला

बँकेच्या कर्ज विभागात दिवसभर लोकांचे कागद तपासणारी बाई अशी फसते कशी, हे सासूबाईंपासून ब्रँच मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. तुम्ही तरी विचारू नका.

आधी आकडे. अलाइनरचं, म्हणजे दात सरळ करणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ट्रेंचं, पॅकेज 74,999. बुकिंगचे 4,999 यूपीआयने दिले. उरलेल्या 70,000 चं 'नो कॉस्ट ईएमआय' कर्ज, दरमहा 5,000 चे 14 हप्ते. प्रोसेसिंग फी जीएसटी धरून 1,179. सात हप्ते गेले. झाले 41,178. बदल्यात 22 पैकी 10 सेट मिळाले, आणि खालचा एक पुढचा दात आता जीभ लावली तरी हलतो.

जाहिरात नेहमीचीच होती: घरी येऊन फुकट स्कॅन, तारा नकोत, कुणाला कळणारही नाही. पस्तिशीत तोंडात तारा घालून काउंटरवर बसायची लाज वाटते, हे ज्यांना वाटतं त्यांनाच कळेल. आणि अलाइनर हे काही थोतांड नाही, म्हणूनच तर माणूस अडकतो. स्कॅनवरून कॉम्प्युटरवर दात टप्प्याटप्प्याने सरकवतात, एका ट्रेमागे साधारण पाव मिलिमीटर. प्रत्येक टप्प्याचा साचा थ्रीडी प्रिंटरवर काढतात, त्यावर प्लॅस्टिकची पातळ शीट गरम करून ओढून बसवतात आणि कडा कापतात. तो ट्रे दिवसाचे 20 ते 22 तास घातला की दातावर दाब येतो. दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, मागच्या बाजूला नवीन भरतं, आणि दात सरकतो. म्हणजे खरा खेळ हाडात आहे. आणि हाड स्कॅनमध्ये दिसत नाही! स्कॅनमध्ये दिसतो फक्त हिरडीच्या वरचा दात. हाडासाठी एक्स-रे लागतो. माझा काढलाच नाही.

मी विचारलं होतं, हे लिहून ठेवते. "एक्स-रे नको का?" स्कॅनला आलेली मुलगी म्हणाली, "स्कॅनमध्ये सगळं येतं मॅडम." मग तिने टॅब पुढे केला. त्यावर एक ओळ होती: 'मी माझ्या दंतवैद्याकडून एक्स-रेसह तपासणी करून घेतली असून माझे दात व हिरड्या निरोगी असल्याचे जाहीर करते.' ती ओळ मी वाचली. वाचली, हेच तर डोक्यात बसलंय. म्हटलं, "अहो, मी कुठे केलीय तपासणी?" ती म्हणाली, "ते स्टँडर्ड असतं मॅडम, सगळेच करतात." हेच वाक्य मी स्वतः आठवड्यातून चार वेळा कर्जदारांना म्हणते, म्हणून खटकलं नसावं. एकच ओटीपी आला. त्या एका ओटीपीत ते घोषणापत्रही गेलं आणि कर्जाचा करारही. कुकरच्या शिट्ट्या चालू, मुलाला क्लासला सोडायचं, समोर पोरगी ताटकळत बसलेली. तुम्ही काय केलं असतंत?

चौथ्या सेटला डाव्या सुळ्याच्या टोकाशी प्लॅस्टिक आणि दात यांच्यामध्ये पोकळी दिसू लागली, नख जाईल एवढी. त्यांच्या 'डॉक्टरां'ना फोटो पाठवला. उत्तर आलं, "चावून बसवा." सुळा गोल असतो, प्लॅस्टिक त्यावरून घसरतं. तो फिरवायचा तर दाताच्या रंगाचा बारीक उंचवटा चिकटवावा लागतो. माझ्या एकाही दातावर तो नव्हता. ट्रे दातावर नीट बसत नसेल तर पुढचा नंबर घालू नका, कुणी कितीही सांगो. या 'डॉक्टरां'चं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागितला तर चॅटच बंद. तुम्ही पैसे देण्याआधी मागा. बीडीएसनंतर तीन वर्षांचं ऑर्थोडॉन्टिक्समधलं, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेतलं, एमडीएस केलेला माणूस समोर बसून तोंडात बघणार नसेल, तर उठून या.

दहाव्या सेटनंतर फोन लागेना. शेवटी घराजवळच्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेले. त्यांनी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला आणि पेन्सिलीचं टोक त्यातल्या खालच्या पुढच्या दातांवर ठेवलं. पायोरिया आधीपासूनच, हाड खाली गेलेलं, त्यावर महिनोन्महिने दाब. आता आधी हिरड्यांचे उपचार, दात सरळ करायचं नंतर बघू.

मग सुरू झाल्या फेऱ्या. चौकीतल्या हवालदारांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "दात तर सरळ दिसतायत की." साहेब म्हणाले, हे सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा. अर्जावर पोच मागितली तर शिक्का सापडेना. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, त्यांनी ती कंपनीला पाठवली. फोन न उचलणाऱ्या कंपनीने तिथे मात्र लगेच उत्तर दिलं. काय? तर माझंच घोषणापत्र! 'ग्राहकाने हिरड्या निरोगी असल्याचे जाहीर केले होते.' तक्रार निकाली. मला ना फोन, ना विचारणा. अरे, निकाली म्हणजे कुणाच्या बाजूने? कर्ज देणाऱ्या कंपनीचं तर आणखी भारी: उपचाराचा वाद विक्रेत्याशी, आमचा हप्ता वेगळा. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब ही अशीच अलाइनरवाली कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली, तेव्हाही हप्त्यावर घेतलेल्या लोकांना पैसे भरत राहा असंच सांगितलं होतं. उपचार अर्धवट, हप्ते पूर्ण. म्हणून दातांसाठी कर्ज काढूच नका, टप्प्याटप्प्याने डॉक्टरांना द्या.

वापरलेले ट्रे फेकू नका, प्रत्येकावर नंबर कोरलेला असतो, पुरावा आहे. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, माझे अर्धे गायब झाले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. मी अर्ज टाकलाय, तारीख मिळायची आहे. तोवर पाच तारखेला आठवा हप्ता कापला जाईल. खात्यात पैसे ठेवले नाहीत तर बाउन्सचे 590 वेगळे, आणि सिबिल बिघडलं तर माझ्याच बँकेत मान खाली.