वाईनची लेव्हल थ्री: पाच दिवसांत की दर आठवड्याला?

लंडनच्या वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट या संस्थेची लेव्हल थ्री, म्हणजे वाईनच्या अभ्यासक्रमाची तिसरी पायरी, करायची तर वाटा दोन: सलग पाचेक दिवसांचा सघन कोर्स, किंवा आठवड्याला एक वर्ग. परीक्षा तीच. 50 बहुपर्यायी प्रश्न, चार लेखी प्रश्न, आणि नाव झाकलेल्या दोन वाईन चाखून वर्णन.

सघन कोर्सचा फायदा उघड आहे. रजा एकदाच, बाहेरगावाहून येणाऱ्याला मुक्कामही एकदाच. हॉटेलात काम करणाऱ्याला दर आठवड्याची संध्याकाळ मोकळी मिळते कुठे?

पण जिभेला घाई चालत नाही. दहा-बारा वाईन तोंडात घोळवून थुंकल्या तरी टॅनिन या तुरट द्रव्यामुळे हिरड्या आवळतात, आणि सहावा ग्लास तिसऱ्यासारखाच लागू लागतो. आठवड्याच्या वर्गात जिभेला उसंत मिळते. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनमधला हिरवा वास आज कळला, की परवा मंडईत ढोबळी मिरची हातात घेताना तो पुन्हा ओळखू येतो. ही उजळणी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि ती पाच दिवसांत होत नाही.

संस्था स्वतःच एकूण 84 तासांचा अभ्यास सुचवते. त्यातले वर्गातले जेमतेम 30. म्हणून सघन कोर्सच घ्यायचा असेल, तर पुस्तक महिना-दीड महिना आधी वाचून काढा आणि वर्गाचा वेळ चाखण्यासाठी राखून ठेवा.

लेव्हल टू मात्र खुशाल सघन करा. तिथे 50 बहुपर्यायी प्रश्नच असतात, चाखण्याची परीक्षा नसते.