मेबल नॉर्मंडचा डीव्हीडी संच: आधी वेग ०.७५ करा, मग बोलू

पावसाळ्यात घेतलेल्या या संचाला दिवाळीपर्यंत मी दोनच तारे देणार होतो. आता तीन देतोय, पण त्याचं श्रेय विक्रेत्याला नाही.

मेबल म्हणजे मूकपटांच्या काळातली अमेरिकन विनोदी नटी, याहून जास्त सांगत बसत नाही. तक्रार एकच, वेग. १९१४चे कीस्टोनपट (कीस्टोन ही विनोदी मूकपट काढणारी अमेरिकन कंपनी) हाताने दांडी फिरवून, सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेमने घेतलेले. या महाभागांनी ते सरसकट २४ने चढवलेत. सगळे तुरुतुरु पळतात. बदलून मागितला तर उत्तर आलं, 'जुने सिनेमे असेच असतात.' असेच कसे? पणजोबांची पिढी काय धावत जेवत होती?

शेवटी लॅपटॉपवर वेग ०.७५ केला. २४चे पाऊण म्हणजे १८! पियानो रडायला लागतो, तो म्यूट करायचा. आणि मग बाई दिसली. 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट'मध्ये ती पायजम्यात हॉटेलच्या खोलीबाहेर अडकते आणि परक्या खोलीत पलंगाखाली शिरते. २४ने ती नुसती धांदल वाटते. १८ने कळतं की आधी डोळे घाबरतात, मग ओठ हसू दाबतात आणि शरीर सगळ्यांत शेवटी हलतं. बाकीचे कीस्टोनवाले हातवारे करत असताना ही चेहऱ्यावर काम करतेय. शिवाय त्याच पैशांत सिनेमा एक तृतीयांश जास्त चालतो.

हा सिनेमा दिग्दर्शितही तिनेच केलाय. चॅप्लिनने भटक्याचा वेश चित्रीकरणासाठी पहिल्यांदा चढवला तो याच सिनेमात. खोक्यावर फोटो कोणाचा? चॅप्लिनचा, भलामोठा. 'मेबल अ‍ॅट द व्हील'च्या वेळी हाच गडी तिच्या हाताखाली काम करायला तयार नव्हता.

मात्र ०.७५ सगळीकडे चालत नाही. कीस्टोनवाले पाठलाग मुद्दाम कमी फ्रेमने घ्यायचे, म्हणजे पडद्यावर ते सुसाट दिसावेत. तिथे वेग उतरवला की मोटारींची शर्यत वरातीसारखी रेंगाळते. 'द एक्स्ट्रा गर्ल'मध्ये (१९२३) सिंहाचं सोंग घेतलेला कुत्रा समजून ती खराखुरा सिंह दोरीने ओढत नेते. तिथे मी मधला वेग ठेवतो. सिंहाकडे न बघता चालतानाची तिची बेफिकिरी बघाच. निर्माता हॅल रोचकडचा 'रॅगेडी रोज' (१९२६) मात्र आहे त्याच वेगाने लावा.

सोबतच्या पुस्तिकेत दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरच्या १९२२मधल्या खुनाला पानंच्या पानं दिलीत. त्या रात्री ती त्याला भेटून गेली होती, एवढ्यावर वर्तमानपत्रांनी तिला सोलून काढलं. १९२४मध्ये तिच्या ड्रायव्हरने एका गृहस्थावर गोळी झाडली, तो बोभाटा वेगळाच. १९३०मध्ये क्षयाने गेली. दिग्दर्शनावर पुस्तिकेत चार ओळी, वेगावर एकही नाही.

पूर्ण किंमत देऊ नका. यातले बरेचसे सिनेमे इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात आणि वेग तिथेही आपल्यालाच बदलावा लागतो. सवलतीत मिळाला तर घ्या, प्रती स्वच्छ आहेत. चौथा तारा त्या खोक्यावरच्या फोटोपायी कापलाय.