दुसरी इलेक्ट्रिक घेताय? आधी ब्रिज ठरवा: फ्लॉइड रोझ की फिक्स

दुसरी किंवा तिसरी इलेक्ट्रिक गिटार घेणारा माणूस पिकअपवर महिनाभर घालवतो, रंगावर पंधरा दिवस, आणि ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाकडे, पैसे दिल्यावर बघतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. पिकअप पुढे कधीही बदलता येतो, चार वायरी झाळल्या की झालं. फ्लॉइड रोझसाठी बॉडीत आरपार खाच कोरलेली असते. ती बुजवून कुणी फिक्स ब्रिज बसवत नाही, आणि चांगल्या फिक्स ब्रिजच्या गिटारला कोरून फ्लॉइड बसवणं म्हणजे विकताना निम्मी किंमत घालवणं.

इथे फ्लॉइड रोझ म्हणजे दोन्ही टोकांना तारा आवळणारा, हवेत तरंगणारा ब्रिज. आयबानेझच्या एज घराण्यातले ब्रिजही त्याच जातीचे. फिक्स म्हणजे न हलणारा: गिब्सनच्या लेस पॉल गिटारवरचा ट्यून-ओ-मॅटिक किंवा टेलीकास्टरसारखा हार्डटेल. स्ट्रॅटोकास्टर म्हणजे स्ट्रॅटवरचा सहा स्क्रूंचा ट्रेमोलो (दांडी, म्हणजे बार, दाबून सूर हलवायचा ब्रिज) या दोघांच्या मधे बसतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी फ्लॉइडच्या बाजूचं बोलू, कारण त्याची निंदा करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नीट सेट केलेला फ्लॉइड वाजवलेलाच नसतो. साध्या ट्रेमोलोवर बार दाबला की तार नटमधून (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीतून) सरकते आणि परत येताना घर्षणामुळे पूर्ण जागेवर येत नाही. 1979 साली पेटंट मिळालेल्या या रचनेत नटवर तीन पट्ट्या दोन-दोन तारा आवळतात, ब्रिजवर प्रत्येक तार तिच्या टेकूत, म्हणजे सॅडलमध्ये, आवळलेली असते, त्यामुळे तारेला सरकायला जागाच राहत नाही. तारा पार ढिल्या पडून फ्रेटबोर्डावर लोळेपर्यंत बार दाबा, सोडा, सूर जागेवर. अख्ख्या कॉर्डला हलकं आंदोलन देणं, सूर वर खेचणं, हे फिक्स ब्रिजवर होणारच नाही. तुमचं वाजवणं बारवर उभं असेल तर पुढचं वाचायची खरं तर गरज नाही.

बाकीच्यांसाठी मात्र एक गोष्ट आहे आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लागला: फ्लॉइडवर ट्यूनिंग बदलता येत नाही.

म्हणजे येतं. पण बघा कसं ते.

समजा अर्धा सूर खाली उतरायचं आहे. कारणं रोजची असतात. जिमी हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे व्हॉनसारखे गिटारवादक बऱ्याचदा अर्धा सूर खाली लावून वाजवायचे. त्यांच्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवायचं तर तुम्हालाही उतरावं लागतं. आपल्याकडे दुसरं कारण जास्त वेळा येतं: गाणारा म्हणतो, ‘काळी दोन घे.’ अर्धा सूर उतरवलेल्या गिटारवर साधा ई-शेप म्हणजे थेट काळी दोन, आणि खालची जाडी तार मोकळी वाजते ती षड्ज धरून. कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून डी-शेपनेही काम होतं, नाही असं नाही. पण मग तो खर्ज हातचा जातो.

फिक्स ब्रिजवर सहा खुंट्या उतरवायच्या, एकदा पुन्हा तपासायच्या. मिनिटभराचं काम.

फ्लॉइडवर आधी 3 मिमीच्या ॲलन कीने नटच्या तिन्ही पट्ट्या सैल करायच्या. फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे सूर बारीक जुळवायचे स्क्रू) मधोमध आणायचे. मग सहावी तार उतरवायची, पाचवी, चौथी... आणि पहिलीपर्यंत पोचल्यावर सहावी तपासली की ती चढलेली. कारण हा ब्रिज तराजू आहे. एका पारड्यात तारांचा ताण, दुसऱ्यात मागच्या स्प्रिंगांचा. 9-42 च्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सेटचा एकूण ताण साधारण 38 किलो. अर्धा सूर उतरलं की तो अकराएक टक्क्यांनी, म्हणजे चार किलोंनी कमी होतो. स्प्रिंगा तेवढ्याच ताकदीने ओढत असतात, म्हणून ब्रिजची शेपटी खाचेत बसते आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा ताणल्या जातात. एक फेरी, दुसरी, तिसरी. शेवटी सूर लागतात, पण ब्रिज मागे कललेला, तारा फ्रेटला टेकायला आलेल्या, मधल्या फ्रेटांवर खरखर.

याला शहाणी पद्धत आहे आणि फ्लॉइड घेणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी शिकावी. ब्रिज बॉडीला समांतर असतानाच शेपटीखाली, फाइन ट्यूनरच्या खालच्या खाचेत, बाद झालेली एटीएम कार्डं एकावर एक घट्ट बसवा. आता ब्रिज मागे बसू शकत नाही. तारा हव्या त्या सुरात लावा; फिक्स ब्रिजसारख्या निमूट लागतात. मग मागचं झाकण उघडा. स्प्रिंगा ज्या पंजाला अडकवल्यात त्याचे दोन स्क्रू आलटून पालटून पाव-पाव फेरा सैल करत जा. एका क्षणी कार्डं आपोआप सैल होऊन हातात येतील. तोच समतोल. सूर तपासा, नटच्या पट्ट्या आवळा. आवळताना सूर जरासे चढतात, ते फाइन ट्यूनरने उतरवा. हात बसलेला असेल तर वीस मिनिटं, पहिल्यांदा करताना तास धरा. आणि गाणारा पुढच्या गाण्याला म्हणाला, ‘आता पांढरी तीन’, तर हे सगळं उलट्या क्रमाने.

फक्त सहावी तार ‘डी’ला उतरवायची तरी बाकीच्या पाच चढतात. त्यासाठी डी-ट्यूना नावाचा छोटा जोड मिळतो, पण तो नीट चालायला ब्रिज बॉडीवर टेकलेला हवा. तरंगत्या ब्रिजवर त्याचा उपयोग नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही.

तारांची जाडी बदलतानाही हेच. 10-46 चा ताण 46 किलोंच्या आसपास, म्हणजे 9-42 पेक्षा आठ किलो जास्त. नेहमीचा सेट दुकानात नाही म्हणून दुसरा घेतला, असं फ्लॉइडवर करायचं नाही. सेट दोन-चार जास्तीचे घरात ठेवा आणि एकाच कंपनीचे ठेवा.

तार तुटली तर? फिक्स ब्रिजवर पाच तारांवर गाणं संपवता येतं. फ्लॉइडवर एक तुटली की उरलेल्या पाचही चढतात आणि गिटार त्या क्षणी खाली ठेवावी लागते. याचमुळे तारा बदलतानाही सगळ्या एकदम काढायच्या नाहीत, एकेक करत जायचं. मूळ पद्धतीच्या ब्रिजवर तारेचा गोळा पक्कडने कापायचा, टोक सॅडलमधल्या छोट्या चौकोनी ठोकळ्यासमोर सरळ बसवायचं आणि आवळायचं. इथे हौशी लोक ताकद लावतात. ठोकळ्याला खड्डा पडतो किंवा तो चिरतो, आणि पुढची तार घसरायला लागते. ॲलन कीचा आखूड हात धरून दोन बोटांनी जेवढी आवळेल तेवढी पुरे.

स्वरमेळ, म्हणजे इंटोनेशन, लावणंही किचकट. ट्यून-ओ-मॅटिकवर स्क्रू फिरवला की सॅडल सरकतं. फ्लॉइडवर तार ढिली करायची, सॅडलचा स्क्रू अडीच मिमीच्या कीने सोडायचा, सॅडल बोटाने अंदाजाने ढकलायचं, आवळायचं, सूर लावायचा, तपासायचं, चुकलं तर पहिल्यापासून. सहा तारा, प्रत्येकीचे दोन-तीन प्रयत्न. सुदैवाने हे वर्षातून एकदाच.

हाताला जाणवणारा फरक बेंडमध्ये, म्हणजे तार बोटाने ओढून सूर चढवण्यात, आहे. तरंगत्या ब्रिजवर एक तार ओढली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या उतरतात. एकेरी सोलोत कळत नाही. पण एक तार मोकळी ठेवून तिच्यावर दुसरीची मींड काढायची असेल, भजनाची ओळ किंवा रागाचा तुकडा वाजवताना आपण हमखास काढतो तशी, तर खालचा षड्जच डळमळतो. तानपुरा मधेच उतरल्यासारखं वाटतं. मी हे ट्यूनरवर मोजलेलं नाही, पण कानाला खटकतं एवढं नक्की. पाम म्यूट करताना, म्हणजे तारा तळहाताने दाबून वाजवताना, तळहाताचा भार ब्रिजवर पडला तर उलट होतं, सूर चढतात.

पावसाळ्याबद्दल सांगायलाच हवं. जून ते सप्टेंबर नेक थोडा हलतोच. फिक्स ब्रिजवर त्याचा अर्थ ट्रस रॉडला (नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईला) आठवा-पाव फेरा आणि पुन्हा सूर लावणं. फ्लॉइडवर नेकचा बाक बदलला की ताण बदलतो, ताण बदलला की ब्रिजचा कल बदलतो, म्हणजे ट्रस रॉडनंतर पुन्हा मागचं झाकण. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे खारी हवा त्यात भर घालते. फ्लॉइडवर नटचे तीन, तारा आवळणारे सहा, सॅडलचे सहा आणि फाइन ट्यूनरचे सहा, असे एकवीस स्क्रू. एखाद्याचं षटकोनी भोक गंज आणि घामाच्या मिठाने भरलं की ॲलन की आत गोल फिरायला लागते आणि तिथून पुढे ड्रिलच. दर तार-बदलाला जुन्या टूथब्रशने साफ करून मशीन तेलाचा थेंब टेकवला तर ही वेळ येत नाही. हार्डटेलच्या सॅडलमधले बारीक स्क्रूही गंजतातच, पण ते अडकले तरी गिटार वाजत राहते.

आता फिक्स ब्रिजचं रडगाणं, कारण तेही आहे. लेस पॉल घराण्यात तिसरी तार, जी, सूर सोडते. दोष ब्रिजचा नसतो. गिब्सनचा हेडस्टॉक बहुतेक मॉडेलांवर 17 अंश मागे झुकलेला असतो, आणि तीन-तीन खुंट्यांमुळे मधल्या दोन तारा नटमधून बाहेर पडताच बाजूला वळतात. खाच जराशी अरुंद असली की तार अडकते. बेंडनंतर ‘टिंक’ असा आवाज आला तर समजा हेच. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. नाही भागलं तर कारागिराकडून खाच तारेच्या मापाने रुंद करून घ्या. एकदा केलं की विषय संपतो. दुसरा धोका: ट्यून-ओ-मॅटिकच्या सगळ्या तारा एकदम काढल्या तर मागचा स्टॉपबार सुटून पडतो आणि बॉडीवर ओरखडा उठतो. खाली फडकं पसरा.

पण ही दुखणी एकदा बरी केली की बरी राहतात. फ्लॉइडचं दुखणं स्वभावातच आहे. तो बिघडलेला नसतानाही तसाच वागतो.

गिटारी जमवणाऱ्यांना तर हा फरक जास्त जाणवतो. भिंतीवर चार-पाच टांगलेल्या असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्यातली एखादी संध्याकाळ येते. फिक्स ब्रिजवाली उचलली, खुंट्या पिळल्या, वाजवली. फ्लॉइडवाली बरोबर सुरात असेल तर छानच, नसेल तर हात शेजारच्या गिटारकडे जातो. उलट बाजूनेही म्हणता येईल की चार गिटारी असतील तर एक फ्लॉइडवाली ई-मध्ये कायमची ठेवून द्या आणि उतरवायला दुसऱ्या वापरा. मान्य. म्हणजे फ्लॉइड चौथी म्हणून घ्यावी, दुसरी म्हणून नाही.

बार हवाच पण एवढा व्याप नको, त्यांच्यासाठी मधली वाट: सहा स्क्रूंचा 1954 पासूनचा स्ट्रॅटचा ट्रेमोलो, पाचही स्प्रिंगा लावून, पंजाचे स्क्रू ब्रिजचा पाट बॉडीवर घट्ट टेकेपर्यंत आवळलेला. सूर फक्त खाली जातो, वर नाही. पण तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात आणि अर्धा सूर उतरवणं पुन्हा मिनिटभराचं होतं. गिटारवादक एरिक क्लॅप्टन तर त्याच्या स्ट्रॅटमध्ये लाकडाचा तुकडा ठोकून ट्रेमोलो बंदच करून टाकायचा. हेंड्रिक्सने मात्र बारवर जे अत्याचार केले ते याच साध्या ट्रेमोलोवर, लॉकिंग नट वगैरे नसताना.

एवढं वाचूनही फ्लॉइडच घ्यायचा असेल तर स्वस्तातल्या लायसन्स्ड नकलेच्या वाटेला जाऊ नका. ब्रिज ज्यांवर टेकून हलतो त्या मऊ धातूच्या धारा झिजतात, ब्रिज जागेवर परतत नाही, आणि चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो. फ्लॉइड रोझचाच ‘स्पेशल’ असेल तर सॅडल आणि ब्लॉक झिंकच्या मिश्रधातूचे असतात. चालतात, पण आवळताना हात हलका ठेवा. ‘1000’ किंवा ‘ओरिजिनल’ मिळाला तर उत्तम.

जुनी घेताना ब्रिज दोन खांबांना जिथे टेकतो त्या धारा टॉर्च मारून बघा. धार सरळ हवी. चपटी झालेली किंवा खड्डा पडलेली नको. मग बार दाबून सोडा आणि ट्यूनर बघा, बार वर ओढून सोडा आणि पुन्हा बघा. दोन्ही वेळा काटा एकाच जागी आला पाहिजे. दाबल्यावर एकीकडे आणि ओढल्यावर दुसरीकडे थांबत असेल तर धारा गेल्या आहेत. ताण असताना खांबांची उंची कमी-जास्त करणाऱ्या मालकांमुळे हे बहुतेक वेळा होतं, तेव्हा उंची कधी आणि कशी बदलली होती तेही विचारून घ्या.