जीआरपीसी: सोयाबीनचा एक हंगाम काढल्यानंतर

आमचं काम लातूरच्या आडत बाजारातल्या हिशोबाचं. आवक, पोटलीचा (माल पाहून सौद्यात ठरलेला) भाव, वजन, शेतकऱ्याची पट्टी, सगळं एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये होतं. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या वेगवेगळ्या सर्व्हिस, म्हणजे स्वतंत्र चालणारे छोटे प्रोग्रॅम, केल्या आणि त्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी जीआरपीसी (एका प्रोग्रॅमने दुसऱ्यातलं काम नेटवर्कवरून मागायची पद्धत) घेतलं. दिवाळीतली सोयाबीनची गर्दी निभावली, आता तूर येतेय. एवढ्यावर मत द्यायला हरकत नसावी.

वेगासाठी घेणार असाल तर थांबा. प्रोटोबफमुळे (जीआरपीसीचा निरोप बांधायचा आटोपशीर साचा) निरोप लहान झाले हे खरं, पण आमचा वेळ डेटाबेसमध्ये जात होता, जेसन (साध्या मजकुराचा साचा) वाचण्यात नाही. आडत्याला काडीचा फरक जाणवला नाही. खरा फायदा प्रोटो फाइलचा. कोण काय मागणार आणि कोण काय देणार, हे तिथे लिहिलेलं असतं आणि त्यावरून गो आणि जावाचा कोड तयार होतो. आम्ही फील्डच्या नावातच ‘प्रति क्विंटल, पैशात’ असं घातलं. तेव्हापासून भाव क्विंटलचा की कट्ट्याचा, हा वाद मिटला.

एक खोच मात्र आहे. प्रोटो3 (प्रोटो फाइलच्या भाषेची आवृत्ती) मध्ये साधं आकड्याचं फील्ड रिकामं असलं तरी वाचताना 0 मिळतो. भाव शून्य आला तर सौदाच झाला नाही, की भाव भरायचा राहिला? पट्टीवर हा फरक मोठा असतो. उपाय सोपा आहे, फील्डला ‘ऑप्शनल’ लावा. ही सोय प्रोटो3 मध्ये 2021 पासून सरसकट मिळते, पण जुने धडे अजून रॅपर टाइपच (आकडा वेगळ्या निरोपात गुंडाळायचा उपाय) शिकवतात.

आता स्केलिंगचं. दुपारी सौदे निघाले की एकदम लोड येतो, म्हणून कुबरनेटिसवर (सर्व्हिस अनेक मशीनवर चालवणारी यंत्रणा) भावाच्या सर्व्हिसचे पॉड, म्हणजे चालत्या प्रती, वाढवले. एका पॉडचा सीपीयू शंभर टक्क्यांना टेकलेला आणि बाकीचे निवांत! कारण असं की जीआरपीसी एचटीटीपी/2 वर चालतं. क्लायंट एक कनेक्शन उघडतो आणि सगळे कॉल त्याच्यावरूनच पाठवतो. कुबरनेटिसची साधी ‘सर्व्हिस’ (सगळ्या पॉडसाठीचा एकच पत्ता) कनेक्शन वाटते, कॉल नाही. त्यामुळे पॉड कितीही वाढवा, जुनी कनेक्शनं जिथे आहेत तिथेच राहतात. आम्ही हेडलेस सर्व्हिस केली, म्हणजे क्लायंटला प्रत्येक पॉडचा पत्ता मिळतो, आणि क्लायंटला राउंड रॉबिन (आळीपाळीने कॉल) लावलं, कारण मुळात त्याची सवय पहिला पत्ता लागला की तोच धरून बसायची. शिवाय सर्व्हरवर कनेक्शनचं कमाल वय ठरवून दिलं. कनेक्शन अधूनमधून बंद झालं की क्लायंट पत्ते नव्याने शोधतो आणि नवे पॉड त्याला दिसतात. मधे एन्व्हॉय किंवा लिंकरडी (कॉल वाटून देणारे मध्यस्थ प्रोग्रॅम) ठेवूनही हेच साधतं, पण आमच्या छोट्या टीमला आणखी एक गोष्ट सांभाळायची नव्हती.

सगळ्यात आवडलं ते डेडलाइन, म्हणजे प्रत्येक कॉलला दिलेली वेळेची मर्यादा. पूर्वी प्रत्येक थराचा टाइमआउट वेगळा होता. निलंग्याकडच्या व्यापाऱ्याची रेंज जायची, तो पुन्हा बटण दाबायचा आणि मागे डेटाबेस जुनीच विनंती दळत बसायचा. आता गेटवे (बाहेरच्या विनंत्या आधी घेणारा प्रोग्रॅम) तीन सेकंद देतो. पट्टीच्या सर्व्हिसने भाव विचारला की उरलेला वेळ पुढे जातो आणि तो संपला की मागचं कामही रद्द करता येतं. पण डेडलाइन आपोआप लागत नाही. तुम्ही दिली नाही, तर कॉल वाट बघतच राहतो. आणि डेडलाइन उलटली म्हणजे काम झालंच नाही, असंही नाही. सर्व्हरवर सौदा नोंदून झालेला असू शकतो. म्हणून प्रत्येक सौद्याला क्लायंटकडूनच क्रमांक देतो. पुन्हा आला तरी नोंद एकच.

तक्रारीही आहेत. ब्राउझरमधून थेट बोलता येत नाही, जीआरपीसी-वेब (ब्राउझरसाठीचं रूप) आणि मधे प्रॉक्सी लागते. आम्ही बाहेरच्या दाराला रेस्टच (वेबवरची नेहमीची साधी पद्धत) ठेवलं. येणाऱ्या निरोपाला मुळात 4 एमबीची मर्यादा असते. हंगामभराच्या पट्ट्या एका दमात मागितल्या की चूक यायची, त्या आता स्ट्रीमने तुकड्या-तुकड्यांत येतात. कर्लने (कमांड लिहून विनंती पाठवायचं साधन) चटकन तपासायची सवय सुटते. जीआरपीसीकर्ल आहे, पण सर्व्हरवर रिफ्लेक्शन (आपण काय काय देतो हे सर्व्हरने स्वतः सांगायची सोय) चालू हवं, नाहीतर प्रोटो फाइल हाताशी ठेवा.

एकच सर्व्हर आणि दोन-चार माणसं असतील तर या भानगडीत पडू नका. सर्व्हिस पाच-सहाच्या पुढे गेल्या आणि भाषा वेगवेगळ्या असतील, तर घ्या, आणि पहिल्या दिवशीच डेडलाइन लावा.