वॉर्ड ऑफिसची जन्मनोंदणी खिडकी, सरोगसीवाल्यांसाठी अनुभव (५ पैकी ३ स्टार)

आमची मुलगी सरोगसीने झाली, आता चार महिन्यांची आहे. तिच्या जन्मदाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसला सहा चकरा झाल्या, म्हटलं लिहूनच टाकावं, दुसऱ्या कुणाच्या दोन तरी वाचतील.

पहिली चूक ऑफिसची नव्हतीच. हॉस्पिटलमधल्या जन्माची माहिती हॉस्पिटलच २१ दिवसांत कळवतं, आणि तिथल्या रेकॉर्डवाल्याने केसपेपर बघून आईच्या रकान्यात सरोगेट ताईंचं, म्हणजे ज्यांनी आमचं बाळ पोटात वाढवलं त्यांचं नाव टाकलं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, ॲडमिट त्याच होत्या. त्या फॉर्मात आईचा रकाना एकच, आणि खाली विचारतात लग्नाच्या वेळी आईचं वय किती, गरोदरपण किती आठवड्यांचं, नॉर्मल का सिझर. आता लग्न माझं आणि सिझर त्यांचं, भरणारा काय भरणार! गाढवपणा आमचा की बाळाचे आईवडील आम्हीच असं सांगणारी मॅजिस्ट्रेटची ऑर्डर घरी कपाटात, हॉस्पिटलला झेरॉक्स दिलीच नाही.

खिडकीवरच्या मॅडमनी डिस्चार्ज कार्ड बघितलं, मला बघितलं आणि मोठ्याने, "अहो मग बाळंतीण कुठाय?" मागे अख्खी रांग कान टवकारून. एक स्टार तिथेच कापला.

मग सुरू झालं अफिडेव्हिट. मॅडमचं एकच, जन्माचं अफिडेव्हिट स्टॅम्प पेपरवर करून आणा. मी सांगतेय की २०२१ च्या सरोगसी कायद्यात स्पष्ट लिहिलंय, पालकत्वाची आणि ताब्याची जी ऑर्डर प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट आधीच देतात तीच बाळ झाल्यावर जन्माचं अफिडेव्हिट धरायची, आणि ती ऑर्डर आम्ही नवराबायको आणि ताई तिघांच्या अर्जावर निघालेली आहे, पण त्यांना शंभरचा नाहीतर पाचशेचा स्टॅम्पच दिसायला हवा होता. तीन चकरा यातच गेल्या, दुसरा स्टार इथे. चौथ्या वेळी कायद्याच्या त्या पानाची प्रिंट घेऊन थेट निबंधक साहेबांच्या केबिनला गेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, दोन्ही कागद शांतपणे वाचले आणि म्हणाले, "बरोबर आहे ताई तुमचं, दुरुस्तीचा अर्ज द्या."

दुरुस्तीला मात्र आणखी एक गंमत. प्रकरण माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. आम्ही सोसायटीत कुणालाच सांगितलं नव्हतं, शेवटी माझी मावशी आणि ह्यांचा कॉलेजचा मित्र आले, मावशी पोथीला जाते तशी नवी साडी नेसून. आणि रजिस्टरमधली मूळ नोंद खोडत नाहीत बरं का, समासात दुरुस्ती लिहून सही करतात. म्हणजे ताईंचं नाव त्या पानावर आहेच अजून. आधी मला खुपलं, मग वाटलं राहू दे, नऊ महिने सांभाळलंय त्यांनी. दाखल्यावर आई म्हणून फक्त माझं नाव आलं.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे चुकीचा घेऊन घरी बसू नका. ऑर्डरची कॉपी ॲडमिट होतानाच फाइलला लावा आणि अर्जाची पोचपावती इनवर्ड नंबरसकट मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत. पैसे मात्र कुणी वरचे मागितले नाहीत, हे खरं ते सांगायला हवं.

बाळाच्या नावाचा रकाना अजून कोराच आहे. वर्षभरात फुकट टाकून मिळतं, आणि आमच्याकडे सासूबाईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.