महिन्याचा किराणा: सुटा, दुकानाचा ब्रँड की नामांकित? शिवाय स्वस्त बिअरचा हिशोब

चौघांच्या घराचा महिन्याचा किराणा भरायला आज तीन वाटा आहेत: भुसार दुकानातला सुटा माल, मोठ्या साखळी दुकानाचा स्वतःचा ब्रँड (डी-मार्टचा प्रीमिया त्यातला ओळखीचा) आणि जाहिरातीतले नामांकित ब्रँड. अख्खी यादी एकाच ठिकाणी भरणं सोयीचं असतं, पण त्यात पैसे जातात. कुठली वस्तू कुठून घ्यायची हे वस्तूगणिक बदलतं.

आधी पाकीट वाचायचं. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात एकक किंमत छापलेली असते. किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅममागे असते, किलोच्या वरच्या पाकिटावर किलोमागे. म्हणजे 800 ग्रॅमच्या पाकिटावरचे 0.14 रुपये हे किलोला 140 झाले. गोम अशी की हा आकडा एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानाच्या ब्रँडची एमआरपी बरेचदा चढी आणि विक्रीचा भाव उतरता असतो. तेव्हा ‘इतके वाचवा’ची पाटी सोडा आणि बिलातली रक्कम वजनाने भागा.

सर्वांत जास्त फसगत तेलात होते. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं 1 लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. एकसारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत मात्र कुठे 910, तर कुठे 850 किंवा 800 ग्रॅमच असतात. डब्याचंही तसंच. 15 लिटरच्या डब्यात सुमारे 13.65 किलो तेल बसतं, तर 15 किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर. दुकानदाराने ‘डब्याचा भाव’ सांगितला की पहिला प्रश्न किलो की लिटर हाच. रिफाइंड तेलाला नावासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, दुकानाचा ब्रँड चालतो. फक्त पिशवीवर दोन तेलांचं मिश्रण असल्याचं लिहिलेलं नाही ना, तेवढं पाहावं.

साखर सुटी घ्यावी. एम म्हणजे जाड दाणा, एस म्हणजे बारीक, गोडी तीच. मीठ मात्र आयोडीनसाठी पाकीटबंदच बरं.

तूरडाळीत सुटा माल जिंकतो, पण डोळे उघडे ठेवले तरच. तळहातावर चोळून चिकट चकाकी लागली तर डाळीला तेलाचा हात दिलेला आहे. मूठभर ताटात पसरली की कणी किती ते कळतं, आणि कडा धारदार असलेले तिरपे, करडट दाणे दिसले तर लाखेची डाळ मिसळलेली असण्याचा संशय घ्यावा. जुनी डाळ शिजत नाही. किलोमागे वाचलेले पाच-सात रुपये जादा शिट्ट्यांच्या गॅसमध्ये जातात. म्हणून आधी किलोभर नेऊन शिजवून बघावी, वर्षाची भरणी नंतर.

गव्हाचा हिशोब असा: गव्हाचा भाव, निवडताना जाणारी घट आणि दळणावळ. ही बेरीज पाकिटातल्या पिठाच्या किलोच्या भावाशी ताडून पाहावी. 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या गव्हावर नाही. गिरणी जवळ असेल तर गहूच परवडतो.

स्वस्त ब्रँड अंगाशी येतो तो चहा, हिंग आणि कपड्यांच्या पावडरीत. चहाचा भाव किलोवर न काढता कपांवर काढावा. बाजारातल्या बांधानी हिंगात पीठ आणि डिंकच जास्त असतो, त्यामुळे ग्रॅमचा भाव काहीच सांगत नाही. हलक्या पावडरीत सोडा जास्त, म्हणून माप वाढतं आणि हातही चरचरतात. बिस्किटांच्या 5 आणि 10 रुपयांच्या पुड्यांत किंमत तीच ठेवून वजन घटवतात. तिथे वजनच वाचावं.

22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं आणि अंगाचे साबण 18 वरून 5 टक्के जीएसटीत आले. बिअरला त्याचा उपयोग नाही, कारण दारू जीएसटीबाहेर आहे. ‘आमच्या वेळी बाटली किती स्वस्त होती’ या उसाशात एक गोष्ट राहून जाते. 2009 ते 2018 या काळात बिअर कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवल्याचा ठपका भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर 2021 मध्ये ठेवला, आणि युनायटेड ब्रुअरीज व कार्ल्सबर्ग इंडियाला मिळून सुमारे 870 कोटींचा दंड केला. म्हणजे आठवणीतला तो स्वस्त भावही मोकळ्या स्पर्धेतून आलेला नसावा.

आज निवडायचं तर भाव मिलीने भागा. दोन पाइंट म्हणजे 660 मिली, मोठी बाटली 650. 8 टक्के स्ट्राँगच्या मोठ्या बाटलीत 52 मिली अल्कोहोल असतं, 5 टक्के माइल्डमध्ये 32.5. स्ट्राँग ‘पैसा वसूल’ वाटते ती यामुळे. चवीसाठी माइल्डच घ्यावी. भरल्याची तारीख बघा, आणि दुकानात उन्हात ठेवलेली हिरवी किंवा पारदर्शक बाटली टाळा, प्रकाशाने वास बिघडतो. तपकिरी बाटली किंवा कॅन बरा. परमिट रूममध्ये बसून घेतली तर वर व्हॅट लागतो. 2023 अखेरीस तो 5 वरून 10 टक्के झाला. गोव्यात बाटली स्वस्त मिळते खरी, पण गोवा बनावटीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणली तर गुन्हा दाखल होतो, आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासल्या जातात.