ईम गाव आणि तिथलं म्युझियम: इंग्लंडला पोरांकडं जाणाऱ्या सातारकरांसाठी रिव्ह्यू

रेटिंग साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो चढासाठी, गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच विचार करा.

आपल्याकडच्या कितीतरी घरातली पोरं आता मँचेस्टर, शेफील्डकडं आहेत आणि आईवडील गेले की तेच ते, लंडन, राजवाडा, मॉल, फोटो. त्यापेक्षा एक दिवस डर्बीशरमधल्या ईमला काढा. गावात हजारभर माणसं असतील नसतील, चर्च, शाळा, दगडी घरं, झालं. गुगलवर शोधताना इ वाय ए एम टाका नाहीतर सापडत नाही.

गोष्ट अशी की 1665 साली लंडनमध्ये प्लेग होता आणि तिथून या गावातल्या शिंप्याकडं कापडाचं गाठोडं आलं, ओलं होतं म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सनं ते शेकोटीपुढं वाळत घातलं, आत पिसवा होत्या असं मानतात, आणि 7 सप्टेंबरला तो गेला. मग शेजारी, मग त्यांचे शेजारी. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधी काढून टाकलेला पाद्री थॉमस स्टॅन्ली, दोघांचं धर्मावरून पटत नव्हतं बरं का, पण एकत्र येऊन गावाला म्हणाले की कुणी हद्द ओलांडायची नाही, रोग बाहेर न्यायचा नाही. आणि गावानं ऐकलं! ऐपतवाले काही आधीच निसटले होते, ते सगळीकडं तसंच. चौदा महिन्यांत 260 माणसं गेली. गावात तेव्हा एकूण माणसं किती यावर अभ्यासकांचा वाद आहे, कोणी साडेतीनशे म्हणतं, कोणी त्याच्या दुप्पट.

म्युझियम छोटंसं आहे, जुन्या चॅपलमध्ये, वरती वारा दाखवायला कोंबड्याऐवजी उंदीर लावलाय. चालवतात बहुतेक गावचेच लोक, पगाराविना. आजी-आजोबांच्या वयाची मंडळी, काही विचारलं की खुर्चीतून उठून जवळ येऊन सांगतात, घाई नाही. प्लेगनंतरचं पण आहे, शिशाच्या खाणी, रेशीम, बुटांचे कारखाने, म्हणजे गाव नुसतं मरणावर जगत नाही.

पण खरं म्युझियम बाहेर रस्त्यावर आहे. चर्चजवळच्या घरांवर पाट्या आहेत, या घरात कोण राहायचं, कोण कधी गेलं, नावानिशी. त्या घरांत आजही माणसं राहतात, पडदे असतात, खिडकीतून आत डोकावू नका (आमच्यातल्या एकानं केलंच). चर्चच्या आवारात मॉम्पेसनच्या बायकोची, कॅथरिनची कबर आहे. पोरांना त्यांनी बाहेर पाठवलं, ती मात्र थांबली आणि ऑगस्ट 1666 मध्ये गेली. गावाबाहेर वर चढून गेलं की रायली ग्रेव्ह्ज, एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीनं पुरली ती जागा. तिथं मी काही बोलले नाही, नातवानं पण मोबाईल खिशात घातला.

शेजारच्या स्टोनी मिडलटनकडं जाणाऱ्या पायवाटेवर हद्दीचा दगड आहे, त्यात खड्डे आहेत, पैशातून रोग बाहेर जाऊ नये म्हणून गावकरी खड्ड्यांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य वगैरे ठेवून जायचे. येणारेजाणारे अजून त्यात नाणी टाकतात.

मला सारख्या सासूबाई आठवत होत्या. त्यांच्या आईकडून ऐकलेलं त्या सांगायच्या की प्लेग आला की अख्खं गाव माळावर झोपड्या टाकून राहायचं, आपल्याकडं गाव रिकामं करायचे, तिकडं गावातच कोंडून घेतलं. आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई 10 मार्च 1897 ला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या हे आपल्याला पाठ आहे, पण स्वतःच्या गावात त्या साथीत कोणत्या घरातलं कोण गेलं हे विचारा बघू कुणाला. त्या पाट्या बघून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पाटीला खर्च तो काय येतो, ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर म्हाताऱ्या माणसांना विचारून निदान दहा-वीस घरांचं तरी लिहून होईल.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या मेलेल्यांसाठी प्रार्थना असते, साथीत चर्च बंद ठेवून ज्या घळीत लांबलांब उभं राहून प्रार्थना करायचे तिथंच, तिचं नाव कक्लेट डेल्फ. त्याच सुमाराला विहिरी सजवतात, लाकडी फळीवर ओली माती थापून त्यात पाकळ्या, शेवाळ, बिया एकेक दाबून चित्र करतात, आपल्या रांगोळीसारखंच पण उभं. गावची बायामाणसं पोरं मिळून बसतात, फळी नीट जमायला दिवस लागतात.

खाण्याचं म्हणाल तर स्कोन आणि चहा ठीक, शाकाहारी माणसानं डबा न्यावा, मी धपाटे नेले होते, हिरवळीवर बसून खाल्ले, कोणी काही म्हणत नाही. म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, तारीख बघूनच निघा, आणि ऑगस्टच्या त्या आठवड्यात गेलात तर सकाळी लवकर पोचा नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही. चपला नकोत, बूट घाला, रायलीची वाट पावसात निसरडी होते.